बेस गिटार आणि ॲम्प: निवड, सेटअप, दुरुस्ती आणि बदल

विकायला काढलेल्या जुन्या बेसबद्दल मालकाच्या दोन ठरलेल्या तक्रारी असतात. एक, तारा फार उंच आहेत, बोटं दुखतात. दुसरी, ॲम्पला लावला की हमिंग येतं. दोन्हींवर बहुतेक वेळा इलाज असतो आणि तो घरच्या घरी होतो. तरीही लोक आधी नवे पिकअप (तारांचं कंपन विजेत पकडणारे चुंबकी भाग) मागवतात, मग जड ब्रिज (बॉडीवर तारा धरून ठेवणारा भाग), आणि शेवटी वैतागून दुसरा बेसच घेतात. माझ्या मते खर्चाचा क्रम नेमका उलटा हवा. आधी सेटअप, मग तारा, मग ॲम्प आणि स्पीकर, आणि पिकअप अगदी शेवटी.

खाली जे लिहिलंय ते चार तारांचा, स्क्रूंनी नेक जोडलेला बेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये आणि कॉलेजच्या बँडमध्ये बहुतेक करून तोच दिसतो.

घेताना

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि जॅझ बेस १९६० मध्ये. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक बेसचं गोत्र या दोघांपैकी एक असतं. प्रिसिजनवर मधोमध दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप असतो. ही रचना १९५७ ची. ती मुळातच हमिंग मारते आणि आवाज जाड, भरीव देते. जॅझवर दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात आणि नेक नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) साधारण ३८ मिमी रुंद असतो. प्रिसिजनचा नेक ४१ ते ४४ मिमी भरतो, म्हणून लहान पंजाच्या माणसाला जॅझ लवकर जमतो. यामाहा टीआरबीएक्स १७४ किंवा आयबानेझ जीएसआर २०० यांसारख्या सुरुवातीच्या बेसवर दोन्ही प्रकारचे पिकअप मिळतात, आणि पहिल्या बेससाठी ही जोडी सोयीची पडते.

तारेची नेहमीची लांबी ३४ इंच असते. शॉर्ट स्केल ३० इंचाचा असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी किंवा खांदा, मनगट दुखणाऱ्यासाठी तो अगदी योग्य. त्याला ‘लहान मुलांचा’ म्हणून हिणवणाऱ्या दुकानदाराकडे लक्ष देऊ नका.

चार तारा की पाच, हा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळा आहे. ऑर्केस्ट्रात गायक ऐनवेळी सांगतो, ‘काळी दोन करा’. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा स्वर ई, म्हणजे सफेद तीन. सफेद एक, काळी एक, सफेद दोन आणि काळी दोन या चारही पट्ट्यांचा खालचा सा त्यावर मिळतच नाही, वरच्या सप्तकातला घ्यावा लागतो. रोज गायकांबरोबर वाजवणाऱ्याला म्हणूनच पाच तारा खऱ्या कामाच्या. बाकीच्यांनी पहिला बेस चार तारांचाच घ्यावा. स्वस्त पाचतारी बेसवर खालची बी तार ढिली आणि अस्पष्ट वाजते. शिवाय तिचा मूळ स्वर ३०.९ हर्ट्झचा, घरातल्या छोट्या ॲम्पमधून तो धड ऐकूही येत नाही.

जुना बेस हातात घेतलात की आधी ॲम्पला जोडू नका. बॉडीच्या बाजूने डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडा एकाच तऱ्हेने वाकलेल्या असतील तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) सुटेल. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ पडलाय, तो बेस सोडून द्या. मग ई तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असेल तर उत्तम. तार फ्रेटला टेकलेलीच असेल किंवा फट दोन मिलिमीटर दिसत असेल, तर ट्रस रॉडचा नट फिरतो का हे मालकासमोरच तपासा. आवळून आवळून संपलेला किंवा कडा गेलेला नट ही महागात पडणारी गोष्ट आहे.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. सर्वांत बारीक जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल तर घाबरू नका. फेंडर घाटाच्या बेसमध्ये तो नेकच्या कंपनाचा गुण आहे, महागड्या बेसमध्येही सापडतो. एकाच फ्रेटवर दाबल्यावर तार खडखडत असेल तर मात्र त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय किंवा तोच झिजलाय. ब्रिजची सॅडल (तारेखालचा वर-खाली होणारा तुकडा) खाली टेकेपर्यंत उतरवलेली असूनही तारा उंच असतील, तर नेकचा कोन बदलावा लागेल. ते जमण्यासारखं आहे, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या.

शेवटी ॲम्प. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि जॅकमध्ये केबल हलवून बघा. खरखर हे भाव कमी करायला चांगलं कारण असतं आणि घरी नेल्यावर अर्ध्या तासाचं काम.

सामान

ॲलन कीचे दोन संच लागतात, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. ४.७६ मिमीच्या नटात साडेचारची की बसल्यासारखी वाटते आणि नटाच्या कडा खाऊन टाकते, म्हणून अंदाजपंचे काम नको. टॅपेटचं अंतर मोजायला गॅरेजवाले वापरतात ते फीलर गेज, अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी, कॅपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर आणि तार कापायचं कटर घ्या. विद्युत कामासाठी साधा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन असलेली सोल्डर वायर. तारा जोडायला २५ वॉटचं आयर्न पुरतं, पॉटच्या (नॉबखाली असणारा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) पाठीवर डाग द्यायला ते कमी पडतं, तिथे ४० ते ६० वॉटचं हवं. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे हे सगळं आणि जॅक, पॉट, कपॅसिटरही मिळतात.

फोनवरचं ट्यूनर ॲप खालची ई तार चुकीची ओळखत असेल तर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) वाजवा, लगेच पकडतं.

सेटअप

क्रम असा: तारा, सूर, नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात लागणं), पिकअपची उंची. पुढची पायरी आधी केली तर मागची केल्यावर ती पुन्हा करावी लागते.

पहिली गोष्ट नव्या तारा. जुन्या तारा जागोजागी झिजलेल्या असतात, त्यांचं इंटोनेशन कधीच नीट लागत नाही. ४५-६५-८५-१०५ हा नेहमीचा संच. तार खुंटीच्या पुढे साधारण १० सेंटिमीटर ठेवून काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं सुटतं आणि तार बसल्या जागी मरते. टोक खुंटीच्या भोकात खाली घाला आणि दोन-तीन वेढे वरून खाली जातील असे द्या. सुरात आणल्यावर प्रत्येक तार सॅडलच्या पुढे आणि नटच्या पुढे अंगठ्याने हलकेच दाबा, म्हणजे तिथे तिची कमान राहत नाही. हे न केल्यामुळे कित्येक बेस ‘सूर धरत नाही’ म्हणून बदनाम होतात.

आता नेकचा बाक. बेस सुरात असू द्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, ई तार नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर फीलर गेज सरकवा. फिंगरबोर्डची गोलाई साडेनऊ ते बारा इंच असेल तर ०.३ मिमी हे फेंडरचंच प्रमाण आहे, जुन्या घाटाच्या सव्वासात इंचांच्या बोर्डाला ०.३५ मिमी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडच्या नटाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने आवळा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा. मग पुन्हा सूर लावा, थोडं थांबा आणि पुन्हा मोजा. लाकूड सावकाश हलतं. नट फार कडक लागला तर तारा ढिल्या करून नेक हाताने मागे दाबून धरा आणि मग आवळा. तरीही हलत नसेल तर जोर लावू नका, जाणत्या माणसाकडे न्या. तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड फिरवणारे बरेच भेटतात. रॉडचं काम फक्त बाक ठरवणं हे आहे, उंचीसाठी सॅडल आहेत.

उंची सतराव्या फ्रेटवर मोजतात, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत. ई तारेला २.४ मिमी आणि जी तारेला २ मिमी इथून सुरुवात करा. हलक्या हाताचा माणूस याहून खाली जाऊ शकतो, स्लॅप करणारे, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणारे, जातातच. उतरवत जा आणि कुठे घासते ते ऐका. तंबोऱ्याला जी जवारी आपण मुद्दाम काढतो, तीच बेसवर बझ म्हणून नकोशी होते. पण बझ ॲम्पमधून ऐकू येत नसेल, नुसत्या बेसवरच येत असेल, तर तिच्या मागे लागू नका.

नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. कागद जेमतेम जाईल इतकी फट हवी. फट मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर बोट जड जातं आणि स्वर चढा लागतो. नटची खाच खोल करायला मापाच्या कानशी लागतात आणि एक घासा जास्त झाला तर नवा नट घालावा लागतो. हे काम मी बाहेर देण्याच्याच बाजूचा आहे.

इंटोनेशन सोपं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर न्या. उतरा असेल तर पुढे आणा. दर वेळी पुन्हा सूर लावून मगच मोजा. सॅडलचा स्क्रू फिरवताना तार थोडी ढिली करा, नाहीतर स्क्रूची खाच जाते.

पिकअपची उंची कानावर ठेवा. फार जवळ आणला तर लोहचुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई खाली साधारण ३ मिमी आणि जी खाली अडीच मिमी ठेवा आणि तिथून चारही तारांचा आवाज सारखा होईपर्यंत हलवा.

सॅडल तळाला टेकल्या तरी तारा उंच, ही गोष्ट वर आली होती. त्यावर इलाज असा: तारा काढा, नेकचे चार स्क्रू सोडवा, नेकच्या खाचेत ब्रिजकडच्या टोकाला जाड कार्डाची पट्टी ठेवा आणि नेक परत घट्ट बसवा. नेक किंचित मागे झुकतो आणि सॅडलना पुन्हा वर-खाली व्हायला जागा मिळते. एका जाडीची पट्टी बऱ्याचदा पुरते. याच वेळी ई किंवा जी तार बोर्डाच्या कडेवरून घसरत असेल तर नेक हाताने डावी-उजवीकडे सरकवून घ्या आणि मग स्क्रू आवळा.

पाऊस आणि मे महिना

कोकणात आणि मुंबईत जुलैत हवा ओलसर झाली की नेक हलतोच. कुठल्या बाजूला हलेल हे त्या लाकडावर असतं, म्हणून मापल्याशिवाय रॉडला हात लावू नका. पावसाळा लागल्यावर एकदा आणि थंडीत एकदा मोजून घेतलं की वर्ष निघतं. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बॅग ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, पट्ट्याला आणि अस्तराला बुरशी लागते.

विदर्भात उलटा त्रास. मे महिन्यात फिंगरबोर्ड सुकून आकसतो, फ्रेटचं धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं कडेला तळहाताला टोचू लागतात. बोर्डाला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने टोकं तिरकी घासून घ्या. रोझवूडच्या बोर्डाला वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचा हात फिरवा. लाखेने चकचकीत केलेल्या मेपलला तेल लावायचं नाही.

आवाज गेला, खरखरतो, हमिंग येतं

बॅटरीचा बेस असेल तर आधी बॅटरी बदला. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज फाटतो, मग बारीक होतो. केबल जॅकमध्ये राहिली की वाजवत नसतानाही बॅटरी खर्च होते, म्हणून ठेवताना केबल काढून ठेवा.

त्यानंतर केबल बदलून बघा, आणि मग जॅक. जॅकचा नट ढिला झाला की केबल घालता-काढता जॅक गोल फिरतो आणि मागची वायर पिळून तुटते. अर्ध्याहून जास्त ‘बंद’ बेसचं दुखणं इथेच सापडतं असं माझा अनुभव सांगतो. वायर परत डाग देऊन लावा. जॅकच्या अंगाला जोडलेला कान अर्थचा आणि लांब पातीला जोडलेला आवाजाचा. ही अदलाबदल झाली तर बेस वाजतो, पण तारांना हात लावला की हमिंग वाढतं.

पाठीवरचे स्क्रू उघडण्याआधी मल्टिमीटरने बेसचं पोट बाहेरूनच वाचता येतं. बॅटरी नसलेल्या बेससाठी ही युक्ती आहे. सगळे नॉब पूर्ण उघडा, बेसमध्ये केबल लावा, मीटर ओहमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाच्या टोकावर एक आणि दांड्यावर दुसरी पिन धरा. प्रिसिजनवर साधारण १० हजार ओहम दिसायला हवेत. शून्याच्या जवळ आकडा आला तर कुठेतरी वायर चिकटली आहे, बहुधा जॅकमध्ये. मीटर काहीच दाखवत नसेल तर केबल किंवा जॅकपर्यंतची वायर तुटली आहे. आणि आकडा अडीच लाखांच्या आसपास आला तर पॉट ठीक आहे, कारण तो आकडा २५० के पॉटचाच आहे, पण पिकअप किंवा त्याची वायर तुटली आहे. जॅझवर दोन्ही व्हॉल्यूम उघडे असताना पिकअप समांतर जोडले जातात म्हणून ४ हजारांच्या आसपास, आणि एक बंद करून दुसऱ्याचा सुटा आकडा ७ ते ८ हजार यायला हवा.

खरखरणाऱ्या पॉटसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पॉटच्या पोटातल्या फटीतून मारा आणि नॉब वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा साधा स्प्रे त्यासाठी नाही. त्याने फरक पडला नाही तर २५० के चा ऑडिओ टेपर पॉट नवा घाला. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा, वायरमध्ये शिसं असतं.

हमिंगचं निदान हाताने होतं. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर अर्थ ठीक आहे. तारांना लावून काही होत नाही पण केबलच्या धातूच्या टोपीला लावल्यावर कमी होतो, असं असेल तर ब्रिजखालची अर्थ वायर सुटली आहे. ब्रिजचे स्क्रू काढा, वायरचं टोक दोन सेंटिमीटर सोलून सपाट पसरवा, ब्रिज त्यावर दाबून परत बसवा आणि ब्रिज ते जॅकचं अंग असं मीटरवर तपासा.

बेस घेऊन जागेवर गोल फिरा. दिशेप्रमाणे हमिंग कमी-जास्त होत असेल तर ते सिंगल कॉइलने ट्रान्सफॉर्मरमधून पकडलेलं चुंबकीय हमिंग आहे. तांब्याची पट्टी लावून केलेलं शील्डिंग ते थांबवत नाही, कितीही रुपये घातले तरी. शील्डिंग थांबवतं ती चरचर: पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, ट्यूबचा चोक, फोनचा चार्जर. जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की दोन्ही पिकअप एकमेकांचं हमिंग खातात, एक थोडा कमी केला की ते परत येतं. हा बिघाड नाही.

शील्डिंग करायचंच असेल तर वाहक गोंद असलेली पट्टी घ्या, पट्ट्या एकमेकांवर चढवा, सगळं मिळून अर्थला जोडा, आणि जॅकची आवाजाची पाती त्याला कुठे टेकत नाही ना ते बघा. टेकली तर बेस मुका होतो.

बदल: कोणते करावे, कोणते नाही

सर्वांत स्वस्त बदल स्पंजचा. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा दाबा, स्वर ठोक आणि आखूड होतो. जुन्या फेंडर बेसच्या ब्रिजच्या झाकणाखाली असा फोम येतच असे. त्यावर फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा चढवल्या की साठच्या दशकातला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांचा आवाज जवळ येतो. तिथले बेसवादक जेम्स जेमरसन प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवत. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्याने नव्या पिकअपआधी हे करून बघावं. फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं टिकतात, घामाने लवकर मरत नाहीत, त्यामुळे महाग वाटल्या तरी परवडतात. राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या, नेहमीच्या) तारा उकळत्या पाण्यात घालून ताज्या करायची युक्ती चालते, पण थोडेच दिवस.

टोनचा कपॅसिटर बदलण्यावर लोक फार बोलतात. साधारणपणे तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. ०.१ चा घातला तर टोन बंद केल्यावर आवाज आणखी काळवंडतो. टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवणाऱ्याला फरक जवळपास कळत नाही. जड ब्रिजबद्दलही माझं मत थंड आहे. सॅडलचे स्क्रू हलत असतील तर बदला, आवाजासाठी नको.

पिकअप बदलायचा ठरलाच तर प्रिसिजनचं काम सोपं, मापं बहुतेक सारखी असतात. जॅझच्या दोन पिकअपांची लांबी सारखी नसते, नेककडचा थोडा आखूड असतो, आणि काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे बसवलेले असतात. मागवण्याआधी पट्टीने मोजा. फ्रेट उपटून फ्रेटलेस करायचा मोह मात्र आवरा. फ्रेटलेस आवाज हवा असेल तर तसा तयार नेक बसवणं शहाणपणाचं.

ॲम्प

घरी १५ ते ४० वॉट पुरे. ड्रम असतील तर २०० ते ३०० वॉटच्या खाली जाऊ नका. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे थोडासाच. त्यामुळे १०० वरून २०० वर पैसे घालण्याआधी आहे त्या ॲम्पला दुसरी कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडता येते का ते बघा. फेंडरने १९५२ मध्ये बेसमन ॲम्प आणला तो बेससाठीच, पण १९६९ चा ३०० वॉटचा अँपेग एसव्हीटी येईपर्यंत मोठ्या स्टेजवरचा बेसवाला ड्रमरच्या मागे बुडालेलाच असे.

गिटारच्या ॲम्पवर बेस हळू वाजवायला हरकत नाही. मोठा केला की स्पीकरचा कोन ४१ हर्ट्झच्या ई तारेसाठी मर्यादेबाहेर हलतो आणि फाटतो. मंडपातल्या पत्र्याच्या भोंग्यातून तर बेस येतच नाही, तिथे मिक्सरवाल्याकडे धड सबवूफर आहे का एवढं विचारा, डीआय बॉक्सने (बेसचा सिग्नल सरळ मिक्सरला देणारी छोटी पेटी) त्याला लाइन द्या आणि स्टेजवर छोटा ॲम्प फक्त स्वतःसाठी ठेवा.

कॅबिनेट जोडताना ओहम बघा. आठ ओहमच्या दोन कॅबिनेट समांतर जोडल्या की चार होतात, तिसरी जोडली की पावणेतीनच्या खाली. ॲम्पच्या पाठीवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर तिसरी नको. ॲम्प ते कॅबिनेट ही केबल जाड, स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल तिथे तापते. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

अमेरिकेतून नातेवाईक ॲम्प घेऊन येतात तेव्हा पाठीवरची पाटी वाचा. ‘१००-२४०’ असेल तर फक्त पिन बदला. नुसतं १२० असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही ॲम्पच्या गरजेपेक्षा मोठा. काही ॲम्पना मागे व्होल्टेजचा स्विच असतो. तो २३० वर नेण्याआधी फ्यूजचं माप तपासा, दोन्ही व्होल्टेजना वेगळं असतं.

ॲम्पचा आवाज मध्येच उतरत असेल तर एक गोष्ट उघडल्याशिवाय करता येते. मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील तर छोट्या केबलने ते एकमेकांना जोडा. आवाज परत आला तर रिटर्न जॅकचे स्पर्श काळे पडले आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा. स्पीकर घरघरत असेल तर आधी कॅबिनेटचे स्क्रू, हँडल आणि जाळी आवळा. मग कोनावर दोन्ही हातांची बोटं समान ठेवून हलकेच दाबा. खरवडल्यासारखं लागलं तर व्हॉइस कॉइल घासते आहे, रिकोनिंग (नवा कोन आणि कॉइल बसवणं) करावं लागेल. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, चारचा तीनच्या थोडा वर. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

पुढे ॲम्पच्या पोटात हात घालायचा नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा आणि त्याच प्रकारचा एकदा घाला. दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नका.

स्टेजवर माइकला ओठ लागताच झटका बसतो, ही अर्थिंगची भानगड. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक पिन तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्ट चालतील, त्याहून जास्त दिसले तर सगळं सामान एकाच बोर्डवर, अर्थ असलेल्या सॉकेटवर घ्यायला लावा. हमिंग घालवायला कोणी ॲम्पच्या थ्री-पिनची अर्थ पिन काढायला सांगेल. ते करू नका, त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा स्विच असतो.

ॲम्प दुरुस्तीला देताना तोंडी सांगण्यावर राहू नका, चिठ्ठी चिकटवून द्या. चालू केल्यापासून किती मिनिटांनी बिघाड होतो, मोठ्या आवाजात की हळू असतानाही, केबल आणि बेस बदलून बघितला का, सेंड-रिटर्न जोडून फरक पडला का, आणि कोणता फ्यूज घातलाय, एवढं लिहिलं की कारागिराचा अर्धा दिवस वाचतो.